तर्जनी

पहाटे अडीचला माझ्या उजव्या हाताची तर्जनी आमच्या नातीच्या तोंडात असते. नख अगदी मुळापासून कापलेलं, हात साबणानं कोपरापर्यंत धुतलेले. हे सूनबाईचं फर्मान आणि ते योग्यच आहे. तरी जुनी खोड जात नाही, बोट आत घालायच्या आधी मी ते पदराला पुसते. पुसलं की पुन्हा धुवायला जावं लागतं. तोवर नातीनं पाळण्यात आवाज चढवलेला असतो.

बोट आत गेलं की ती ते दोन्ही हातांनी धरते आणि हिरड्यांमध्ये दाबते. सात महिन्यांच्या जबड्याला काय जोर असणार, असं ज्याला वाटतं त्यानं एकदा बोट देऊन बघावं. वरची हिरडी मऊ, गुळगुळीत. खालची मात्र पुढच्या बाजूला फुगलेली, गरम आणि ताणलेली. मटकीला मोड यायच्या आदल्या रात्री साल कसं तटतटतं, तशी. त्या फुगवट्यावर मधोमध दोन जागा टणक लागतात. त्यांच्यावर मी बोटाचं पेर हळूहळू फिरवते, थोडं दाबते, थांबते, पुन्हा दाबते. हुंदका अर्ध्यावर राहतो. लाळ माझ्या मनगटावरून बांगडीपर्यंत येते. ती डोळे मिटत नाही, पण रडतही नाही, छताकडे बघत असते. या बोटानं मी बँकेच्या काउंटरवर तेहतीस वर्षं नोटा मोजल्या. ओल्या स्पंजवर टेकवायचं आणि मोजायचं. ठसे इतके झिजलेत की रेशनच्या मशीनवर दोन-तीनदा दाबल्याशिवाय ते मला ओळखत नाही. नातीला पहिल्याच दाबाला ओळख पटते.

यात औषध काही नाही. कोपर टेबलाच्या कडेला आपटलं की आपण तिथं आधी हातानं चोळतो, मग ‘आई गं’ म्हणतो. चोळण्याची जाणीव दुखण्याच्या जाणिवेला वाटेत अडवते, एवढाच हा हिशेब. बोट थांबलं की दुखणं परत सुरू होतं. म्हणून बोट थांबवता येत नाही आणि म्हणून आजीला झोप नाही.

घरात दिवसा याला पर्याय आहेत. सूनबाईनं सिलिकॉनची चार चोखणी मागवली आहेत, त्यातलं एक अननसाच्या आकाराचं आहे. अननसाला नातीनं एकदा हिरडीनं चावून बघितलं आणि पलंगाखाली टाकून दिलं. तिला आवडतात त्या वस्तू वेगळ्याच. स्टीलच्या वाटीची कड. चमच्याचा दांडा. माझ्या पदराचा शेव. सगळ्यांत लाडकं म्हणजे माझं मंगळसूत्र. मराठी घरातल्या बहुतेक बाळांनी आईच्या नाहीतर आजीच्या मंगळसूत्राच्या वाट्या चघळलेल्या असतात, त्यांच्यावर बारीक पोचे असतात ते त्याचेच. पण काळे मणी ओवलेला दोरा तुटला तर काय, या विचारानं मी महिन्याभरापूर्वी ते काढून कपाटात ठेवलं. सूनबाई म्हणाली, “आई, मला सांगायचं धाडस होत नव्हतं.” मला आधी हसू आलं, मग जरा वाईटही वाटलं. मी एवढी भीतिदायक आहे हे मला माहीत नव्हतं.

सगळ्यांत उपयोगी पडली ती यांच्या जुन्या मलमली धोतराची चिंधी. पाण्यात भिजवायची, पिळायची, एका टोकाला गाठ मारायची आणि स्टीलच्या डबीत घालून फ्रिजमध्ये ठेवायची. बर्फाच्या कप्प्यात नाही, कारण गोठलेलं कापड नाजूक हिरडीला उलट इजा करतं. थंडगार गाठ तोंडात गेली की नात सबंध अंगानं शहारते आणि मग ती गाठ अशी चघळते की बघणाऱ्याच्या तोंडाला पाणी सुटावं. खारीक आणि गाजर मात्र मी हातात देत नाही. माझ्या मुलाला दिली होती. दात आल्यावर त्याच खारकेचा तुकडा मोडून घशात अडकू शकतो, हे तेव्हा मनातही आलं नव्हतं.

तेव्हा मनात न आलेल्या गोष्टींची यादी बरीच लांब आहे.

१९९१ साली माझ्या मुलाला दात येत होते. आम्ही सांगलीच्या गावभागात, सासऱ्यांच्या वाड्यात राहायचो. सासूबाईंची सहाण स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात असे आणि शेजारी पितळी डब्यात गुटीचं सामान: हळकुंड, वेखंड, मुरडशेंग, जायफळ, अतिविष, डिकेमाली. सांगलीत हळकुंडाला काय तोटा! वळसे मोजून द्यायचे. कशाचे दोन, कशाचा एक, जायफळाचा तर अर्धाच. त्यांचा हात सहाणेवर फिरायला लागला की त्या बोलत नसत, मध्ये कुणी बोललेलंही चालत नसे. मी बँकेत रोख मोजताना बोलत नसे, ते मी त्यांच्याकडूनच उचललं असावं.

दातांसाठी त्यांचा खास उपाय होता टाकणखाराची लाही. काष्ठौषधीच्या दुकानातून टाकणखाराचे खडे आणायचे, लोखंडी तव्यावर टाकायचे. आधी ते पाझरतात, बुडबुडे येतात, तवा चुरचुरतो आणि बघता बघता सगळं फुलून पांढरंशुभ्र, हलकं होतं. अगदी लाही. ती खलात घोटायची, मधात कालवायची आणि बाळाच्या हिरड्यांवर चोळायची, दिवसातून तीनदा. मला ते फुलणं बघायला फार आवडायचं. बँकेतून आले की हातपाय धुऊन मीच ते चाटण घेऊन बसायची. मुलगा बोट चोखायचा, मधामुळं त्याच्या चेहऱ्यावर समाधान पसरायचं आणि दिवसभर घराबाहेर राहिलेल्या आईला वाटायचं की आपण काहीतरी केलं.

टाकणखार म्हणजे बोरॅक्स. कपड्यांच्या साबणात आणि कॅरमच्या पावडरीत ज्याचा भाऊबंद असतो, तेच. ब्रिटनमध्येही बाळांच्या चोखणीला मध आणि बोरॅक्स लावायची पद्धत होती. १९८३ साली तिथल्या डॉक्टरांनी सात बाळांची हकीकत छापली. सगळ्यांना झटके येत होते, कारण सापडत नव्हतं आणि सगळ्यांच्या चोखणीला हे मिश्रण होतं. मिश्रण बंद केलं, झटके थांबले. मधाची कथा त्याच्याही आधीची. वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात जंतू रुजून विष तयार करू शकतात आणि बाळ लुळं पडतं, हे १९७६ साली कॅलिफोर्नियात ओळखलं गेलं आणि ते जंतू मधातून येऊ शकतात हे त्यानंतर थोड्याच वर्षांत. म्हणजे मी तव्यावर लाही फुलवत होते तेव्हा या दोन्ही गोष्टी छापून झाल्या होत्या. सांगलीच्या गावभागात त्या यायच्या होत्या. माझ्यापर्यंत पोचल्या त्या परवा, रात्री तीनला, नात खांद्यावर आणि फोन हातात असताना.

दुसऱ्या दिवशी मी मुलाला सांगितलं. तो लॅपटॉपमधून मान वर न काढता म्हणाला, “म्हणूनच मी असा आहे होय!” सूनबाई हसली. मीही हसले. मग मोरीत जाऊन भांडी घासत बसले, जरी भांड्यांना बाई होती.

सासूबाईंना दोष द्यावा असं मला वाटत नाही. त्यांना त्यांच्या सासूनं दिलेलं त्यांनी मला दिलं. पण मला खटकतं ते दुसरंच. बोट तर त्या उपायातही होतंच. टाकणखार नसता, मध नसता आणि नुसतं माझं बोट असतं, तरी मुलगा गप्पच झाला असता. नुसतं बोट घेऊन बसणं हा उपाय आहे, असं त्या घरात कुणाला पटलं नसतं, मलाही नाही. काहीतरी घोटलेलं, कालवलेलं, मोजलेलं हवं होतं.

आणि ही आमच्याच वाड्याची गोष्ट नव्हे. सोळाव्या शतकातला फ्रान्सच्या राजांचा नावाजलेला शल्यवैद्य आंब्रोज पारे यानं दात अडून बसले तर हिरडी कापायचा सल्ला दिला आणि पुढं तीनशे वर्षं युरोपातले डॉक्टर खिशात त्यासाठी बारीक पातं बाळगत राहिले. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडच्या मृत्यूच्या नोंदींत ‘दात येणे’ हे मृत्यूचं कारण म्हणून लिहिलेलं सापडतं. अमेरिकेत १८४९ पासून एका विन्स्लोबाईंच्या नावानं बाळांना शांत करणारं सिरप विकलं जाई. बाळं शांत होत, कारण त्यात मॉर्फीन होतं. काही पुन्हा उठत नसत. इंग्लंडात दातांच्या पुड्यांमध्ये पारा असे. त्यानं बाळांचे तळहात, तळपाय गुलाबी होऊन आग आग होई. १९५४ च्या सुमारास पारा काढून टाकला आणि तो रोग दिसेनासा झाला. आपल्याकडं मुंबईच्या गिरण्यांत कामाला जाणाऱ्या बाया तान्ह्या पोरांना अफूची बाळागोळी चारून जात. त्यांना मात्र मी काही म्हणणार नाही. पाळीचा भोंगा झाल्यावर त्यांचं बोट त्यांच्या हातात नव्हतंच, ते यंत्रावर होतं.

आता पातं गेलं, पारा गेला. जेल आली. मागच्या महिन्यात औषधांच्या दुकानात विचारलं तर काउंटरवरच्या पोरानं न विचारता एक ट्यूब पुढं सरकवली, “आजी, लावा, पाच मिनिटांत झोपेल.” पाच मिनिटांत झोपेल हे वाक्य दीडशे वर्षांत फारसं बदललेलं नाही. सूनबाईनं बारीक अक्षरं वाचली आणि ट्यूब परत केली. हिरडी बधिर करणाऱ्या बेंझोकेनमुळं क्वचित रक्ताची प्राणवायू वाहायची ताकदच जाते, म्हणून अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०१८ साली दोन वर्षांखालच्या मुलांना ते अजिबात लावू नका असं सांगितलं. शिवाय एवढी लाळ गळत असताना जेल हिरडीवर टिकणार किती? ती पोटात जाणार. आमचे बालरोगतज्ज्ञ शांत गृहस्थ आहेत. ते म्हणाले, थंड कापड, स्वच्छ बोट, फारच कळवळली तर वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल, तेही मला विचारून. मी विचारलं, “आणि?” ते म्हणाले, “आणि काही नाही.” तपासणीची फी दिली तेव्हा मला क्षणभर वाटलं, एवढ्यासाठी? मी सासूबाईंच्याच वर्गातली.

खरं तर हे ‘आणि काही नाही’ आपल्याकडं फार पूर्वी लिहून ठेवलेलं आहे. वाग्भटानं अष्टांगहृदयात आधी म्हटलंय की दात येणं हे सगळ्याच रोगांना कारण होतं. हा भाग सगळ्या आज्यांना पाठ असतो, वाग्भटाचं नाव ठाऊक नसलं तरी. मांजराची पाठ वाकते तेव्हा, मोराला तुरा फुटतो तेव्हा आणि बाळाला दात येतात तेव्हा अंगातलं दुखत नाही असं काही उरत नाही, असंही तो म्हणतो. मोराला तुरा फुटताना दुखतं की नाही कुणास ठाऊक, पण ज्यानं हे लिहिलं त्यानं रात्री कधीतरी मूल खांद्यावर घेतलं असणार. आणि मग तिथंच तो सांगतो की या दुखण्यांसाठी बाळाला फार जखडू नका, दात आले की ती आपोआप शमतात. हा दुसरा भाग आज्यांपर्यंत का पोचला नाही, याचं मला कोडं आहे. किंवा नाही. ‘थांबा’ हा सल्ला सहाणेवर उगाळता येत नाही.

‘दात येतायत’ या दोन शब्दांनी आमच्या घरात एकदा चांगलाच घोळ घातला होता. मुलगा आठ महिन्यांचा असताना त्याला जुलाब लागले. सगळे म्हणाले दात. शेजारच्या काकू म्हणाल्या दात. मीही म्हणाले दात. तिसऱ्या दिवशी त्याची टाळू खोल गेली, डोळे आत गेले आणि रात्री दवाखान्यात सलाइन लावावं लागलं. दातांचा त्यात दोष एवढाच की ते त्याच सुमाराला आले. सहा महिन्यांनंतर आईकडून मिळालेली प्रतिकारशक्ती ओसरत जाते, वरचं खाणं सुरू होतं, मूल रांगायला लागतं आणि हिरड्या शिवशिवतात म्हणून दिसेल ते तोंडात घालतं. पायपुसण्यासकट. जंतूंना आणखी काय हवं? लाळ, किरकिर, गालावर लाली, अंग जरा कोमट, एवढं दातांच्या नावावर घाला. ताप १००.४ च्या वर गेला, जुलाब लागले, तर दातांना सोडून द्या आणि डॉक्टर गाठा.

दात हिरडी फाडून वर येतो असं मला इतकी वर्षं वाटायचं. तसं नसतं म्हणे. दाताभोवतीची पिशवी वरच्या हाडाला आणि हिरडीला आधी विरघळवून वाट करून देते, मग दात वर सरकतो. नातीचा हा खालचा दात सूनबाईला चौथा महिना होता तेव्हाच टणक व्हायला लागला होता. सूनबाई त्या दिवसांत फक्त कैरी आणि फरसाण मागत होती. आम्ही कुणी दातांचा विचारही करत नव्हतो आणि तो आत कामाला लागलेला होता. रात्रीच का त्रास जास्त, याचं उत्तर अर्धवट मिळालं. मोठ्या मुलांच्या पक्क्या दातांवर रात्रभर लक्ष ठेवून पाहिलं तर ते मुख्यतः संध्याकाळनंतर, मध्यरात्रीपर्यंत सरकतात असं दिसलं. दुधाच्या दातांनाही तीच पाळी लागू आहे की काय, नातीला विचारलं तर ती रडते.

दातांवर सर्वांत मन लावून लिहिलं ते काश्यपसंहितेत. नेपाळात सापडलेल्या तुटक पोथीवरून १९३८ साली मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यानं हा ग्रंथ छापला. त्यात दातांच्या जन्मावर एक सबंध अध्याय आहे. मुलींचे दात लवकर आणि कमी त्रासात येतात, मुलग्यांचे उशिरा आणि त्रासानं, असं त्यात म्हटलंय. आमच्या नातीनं हा अध्याय वाचलेला नसावा. बत्तिसांपैकी आठ दात एकदाच उगवतात, बाकीचे दोनदा, असंही आहे. मी बँकेतली, मोजल्याशिवाय राहवत नाही. दुधाचे वीस, म्हणजे एकदाच येणारे बारा व्हायला हवेत. चारांचा फरक येतो. पण त्यातला एक ठोकताळा मला फार आवडला. जितक्या महिन्यांचं बाळ असताना दात येतो, तितक्या वर्षांचं झाल्यावर तो पडून पुन्हा येतो.

बेंगळुरूहून नातीचा मामा दर रविवारी फोन करून विचारायचा, “खालचे की वरचे?” वरचे दात आधी आले तर मामाला जड, असं आमच्याकडं म्हणतात. तो इंजिनिअर आहे, या गोष्टी मानत नाही आणि तीनदा विचारतो. बहुतेक बाळांना खालचे मधले दोन आधी येतात. हा समज ज्यांनी पसरवला त्यांनी मामांची सोय आधीच बघून ठेवली होती.

परवाच्या मंगळवारी सकाळी सूनबाई नातीला नाचणीचं सत्त्व भरवत होती. उष्टावणाला मामानं दिलेली चांदीची वाटी कपाटात, रोजची स्टीलची हातात. तिसऱ्या चमच्याला ‘टिक्’ असा आवाज झाला. सूनबाईचा हात तिथंच थांबला. ती माझ्याकडं बघायला लागली. मी म्हटलं, “परत.” तिनं चमचा परत लावला. टिक्. मी हात धुतले, या वेळी पदराला न पुसता, आणि बोट घातलं. खालच्या हिरडीतून डावीकडे तांदळाच्या कणीएवढी कड वर आली होती. नातीनं नेहमीप्रमाणे दोन्ही हातांनी बोट धरलं आणि दाबलं. मी ओरडले. सूनबाईनं आधी मामाला फोन लावला, नवऱ्याला नंतर.

आता एकोणीस राहिले. सगळे यायला ती अडीच-तीन वर्षांची होईल, म्हणजे वीस हप्त्यांतला एक फिटला. सुळे आणि दाढांचे हप्ते मोठे असतात म्हणतात.

सातव्या महिन्यात आला, म्हणजे काश्यपाच्या हिशेबानं हा दात सातव्या वर्षी पडणार. तेव्हा मी अडुसष्टची असेन. माझ्या मुलाचे पडलेले दात सासूबाई शेणाच्या गोळ्यात घालून वाड्याच्या कौलांवर भिरकावायच्या आणि तो बरोबर गेला की नाही हे त्यालाच अंगणातून बघायला लावायच्या. वाडा विकला. इथं पाच मजले, वर स्लॅब, त्यावर सोलरच्या पाट्या आणि सोसायटीच्या सेक्रेटरींची परवानगी. मी परवा संध्याकाळी गच्चीवर जाऊन आले. पलीकडच्या गल्लीत अजून एक कौलारू घर उरलंय. अंतर बरंच आहे, पण मुलाचा हात लांब जातो.